घडी बसेपर्यंत

हवानात वीज गेली तेव्हा
ओदालिस शीतकक्षात होती,
भावाचा जुना स्वेटर घालून.
पंखा थांबला,
आणि बीकरच्या तळाची चुंबकी कांडी
गरगरता गरगरता निजली.

नऊ महिने लागले होते इथवर यायला.
एका टोकाला पत्ता ओळखणारा हात,
दुसऱ्या टोकाला विष,
मध्ये ग्लायसिन-सेरीनचा लवचिक दोरा:
असा जीन तिने शिवला
आणि ई. कोलायच्या पोटात ठेवला.
आतड्यातले हे बिनचेहऱ्याचे जीव,
विसेक मिनिटांत एकाचे दोन,
सांगितलं ते करतात, सांगितलं तसं नाही.
प्रोटीन ढीगभर बनवलं
आणि सगळं चुरगळून कोपऱ्यात कोंबलं,
पाहुणे आले की पलंगाखाली
सारलेल्या कपड्यांसारखं.

मग युरियात ते गाठोडं सोडवायचं.
मग युरिया काढून घ्यायचा, हळू,
इतका हळू की साखळीला आपसूक आठवावं
कुठे वळायचं, कुणाशी जुळायचं.
घाई केली की गढूळ.
थंडी गेली की गढूळ.
चारदा तिने ते बेसिनमध्ये ओतलंय.
नवरा मायामीला गेला तेव्हा
विस्कटलेली घराची घडी
तिने तशीच राहू दिली.
ही मात्र बसायला हवी.

जनरेटरचं डिझेल कालच इस्पितळाला दिलेलं.
एउलोहिओ, रात्रीचा पहारेकरी,
काही न बोलता सायकलवर टांग टाकून गेला
आणि हाइमानितासच्या कोळ्यांकडून
गोणपाटात बर्फ घेऊन आला,
माशांचा वास मारणारा.
बॅटरी धरून उभा राहिला.
ती काचेच्या कांडीने ढवळत होती,
डाव्या हाताने, मग उजव्या.

"विष म्हणालात ना?
मग इतकं जपायचं कशाला?"
"दार चुकू नये म्हणून."
"कुणाचं दार?"
ते तिलाही ठाऊक नव्हतं.
आधी प्लेटमधल्या पेशी, मग उंदीर,
मग कितीतरी वर्षं, आणि मग कदाचित
कुणीतरी, ज्याला आज
नुसता खोकला झालाय.

पाचला दिवे आले.
तिने डायलिसिसची पिशवी उजेडासमोर उचलली.
पलीकडे एउलोहिओचा चेहरा,
जरा लांबट, दाढी वाढलेला,
पण स्वच्छ दिसत होता.

तळाशी चिमूटभर पांढरं बसलं होतं.
तेवढं चालतं, ती म्हणाली,
आणि बोटं काखेत घालून
गरम करत बसली.