डॉन नादिएची नाडी

काचेच्या अलीकडे मी. पलीकडून तिचा आरसा दिसतो.
माझ्यापुढे तीन पडदे, एक माइक, गार झालेली कॉफी,
आणि पलंगावर डॉन नादिए, म्हणजे श्रीयुत कोणीच-नाही,
रबरी कातडीचा, एकोणचाळीस किलोचा, बिनबापाचा.

पूर्वी मी वाल्दिव्हियाच्या धक्क्यावर
होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचो.
आता दर मंगळवारी नऊ वाजता
याचं हृदय बिघडवतो.
ओठ निळे होतात, घाम फुटतो
(मानेमागच्या पिशवीत आधी पाणी भरावं लागतं),
आणि मी माइकमध्ये कण्हतो:
छातीत दुखतंय हो, डॉक्टर.

पोरं गडबडतात. सुई टोचताना माफी मागतात त्याची.
एकानं तर काका म्हटलं, मग स्वतःच लाजला.
इथं मेलेला माणूस दहा मिनिटांनी
पुन्हा मरायला तयार.

पटकथा दोन पानांची.
तिसऱ्या मिनिटाला मी तिच्याबाहेरचा एक शब्द घालतो.
पिउके.
ओयार्सून बाई दरवर्षी रागावतात.
दरवर्षी मी म्हणतो, चुकून गेलं तोंडून.

आई आयुष्यभर माझ्याशी स्पॅनिशच बोलली.
शेवटल्या रात्री तिची स्पॅनिश संपली.
पिउके, पिउके, म्हणत राहिली.
ड्यूटीवरच्या डॉक्टरनं लिहिलं: असंबद्ध बडबड.
मला तरी कुठं कळलं होतं?
महिन्यानं मासळीबाजारातल्या एका बाईनं सांगितलं,
पिउके म्हणजे काळीज.

नऊ वर्षं तो शब्द ऐकून पोरांनी
ऑक्सिजन वाढवला, साखर तपासली,
कुणी लिहिलं: रुग्ण गोंधळलेला आहे.
मार्क कापले नाहीत. कापणार कोण?

या मंगळवारी अमुयान काल्फुकेओ.
कोटाच्या बाह्या बोटांच्याही पुढं आलेल्या.
बाकीचे पडद्याकडे बघत होते.
ती थांबली, वाकली,
रबराच्या छातीवर हात ठेवला
आणि त्या भाषेत काहीतरी विचारलं, लांबलचक,
आजारी आजोबांना विचारावं तसं.

मला उत्तर येईना.
माझ्यापाशी तो एवढा एकच शब्द.
माइक उघडा, बाईंचा डोळा घड्याळावर,
प्लास्टिकच्या तोंडून मी तोच परत दिला.
हो, कळलं, ती म्हणाली, आता स्पॅनिशमध्ये.
मग वळून: ईसीजी. लवकर.

वर्ग सुटल्यावर काचेपाशी आली.
तिला तिथं ती स्वतःच दिसत असणार.
थोडा वेळ उभी राहिली,
मग जाऊन त्याच्या शर्टाची बटणं लावली,
वरचं सोडून सगळी.

मी माइक बंद केला. पडदे बंद केले.
नाडी बंद करायची राहून गेली.
सकाळी झाडणारी एर्मेलिंदा दारातच म्हणाली,
अहो, तुमचा माणूस
रात्रभर जिवंत होता की.