माइक चालू आहे

वैजयंता गवंडीची पहिली श्रोती
हरवलेली होती.
जोतिबाच्या डोंगरावर, चैत्र यात्रेत,
बापाच्या स्पीकरसेटपाशी ही बसलेली, वय अकरा,
आणि बाप चहाला गेलेला.
एक म्हातारा आला. म्हणाला, मंडळी दिसंना झालीया.
हिनं माइक ओढला:
‘रुकडीच्या पारूबाई, तुमचे मालक
खांबाखाली उभे आहेत, रडकुंडीला आलेत,
वाईच लवकर या.’
पारूबाई आल्या. आधी नवऱ्याला झापलं,
मग हिच्या हातावर
गुलालात माखलेलं खोबरं ठेवलं.
ते पहिलं मानधन.

हे मला तिनंच सांगितलं,
शाहूपुरीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन जाहिरातींच्या मधे.
मी काचेच्या अलीकडं. बटणं माझी, बोलणं तिचं,
सकाळी सात ते अकरा.
गूळ, चपला, सोनं, बोअरवेल, मूळव्याध,
सगळं एका दमात विकायची.
मूळव्याधीला लागून झणझणीत मिसळ आली
की काचेतून माझ्याकडं असं बघायची
की मला तिचा माइक खाली ओढावा लागे.

पुण्याहून साहेब आले. नाव लांब आहे म्हणाले,
कापून वैजू केलं.
मग म्हणाले, तुमचा ‘ळ’ जरा हलका करा.
‘कसा करू?
मंगळवार पेठेत राहते,
मिसळ खाते,
आजोळ गुऱ्हाळवाल्यांचं.’
साहेबांनी चहा मागवला.
ळ राहिला.

मग केबलवरही दिसायला लागली, संध्याकाळी,
पाठीमागं रंकाळा. म्हणजे हिरवं कापड.
भाजीवाली म्हणाली, टीव्हीत जाड दिसतासा.
त्या दिवशी स्टुडिओत पाणी पीत बसली बराच वेळ.
‘नुसता आवाज होते
तेव्हा कुणी वजन विचारलं नव्हतं.’

पुराच्या आठवड्यात आम्ही दोघंच वर अडकलो.
जनरेटर, बिस्किटं, एक सतरंजी.
जाहिराती तिनं न विचारता बंद केल्या.
दर तासाला राजाराम बंधारा, फूट आणि इंच,
कुठला रस्ता गेला, कुठल्या शाळेत जेवण आहे.
रात्री दोनला शिरोळकडून फोन:
म्हशी दावणीला हाईत, सोडू का?
‘सोडा,’ म्हणाली. लगेच. ऑन एअर.
मग माइक बंद करून मला म्हणाली,
बरोबर सांगितलं का रे?
मला माहीत नव्हतं.
अजून नाही.
त्या माणसाचा फोन परत आला नाही,
आणि पुढं कितीतरी दिवस
फोन वाजला की ती आधी माझ्याकडं बघायची.

दुसऱ्या वर्षी सकाळ मुंबईहून यायला लागली.
सहा शहरांना मिळून एक गुड मॉर्निंग.
बिंदू चौकात गर्दी आहे, असं तिथला पोरगा वाचायचा,
रविवारीसुद्धा.
वैजयंताला नारळ दिला. शब्दशः, शालीसकट.
वर एक मिक्सर. खोक्यावर नाव वाचून
क्षणभर मला वाटलं, आवाजाचा असेल.
चटणीचा होता.

आता लग्नाचे निवेदन करते, वाढदिवस करते,
एकदा एका बैलाचा केला, केक होता म्हणे पेंडीचा.
आणि महापालिकेनं एकदाच, ठोक रकमेत,
तिचा आवाज विकत घेतला.

परवा सकाळी तिच्या दारात उभा होतो.
घंटागाडी आली. वरच्या भोंग्यातून तीच:
‘ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा.’
ळ जिथल्या तिथं, भरभक्कम.
समोर तीच, गाऊनवर ओढणी, हातात एकच बादली,
कांद्याची सालं, दुधाच्या पिशव्या, सगळं एकात.
ड्रायव्हर विशीतला. खेकसला:
‘ओ मावशी, कानात काय बोळं घातल्यात?
बाई रोज बोंबलून सांगतीया न्हवं!’

तिनं माझ्याकडं बघितलं,
तेच, मूळव्याधीनंतरच्या मिसळीचं बघणं.
मधे काच नव्हती.
ओढायला बटणही नव्हतं.