वर्षभर न वापरलेलं

रबाळ्याच्या कंपनीत शनिवारी दुपारी
पॅकिंगच्या आम्हा बायकांना
खुर्च्या मांडून बसवलं.
मशीन बंद, तरी कानात घरघर चालूच.
पडद्यावर एक पांढरी खोली,
खोलीत एक टेबल,
टेबलावर काचेच्या बाटलीत एकच हिरवं पान.
केतकी मॅडम म्हणाल्या, असंही जगता येतं.

द्रौपदा माझ्या कानाशी :
पुसायला किती सोपं गं.

मॅडम म्हणाल्या, पहाटे पाचला उठा,
तो तास फक्त तुमचा.
आमच्या दिघ्यात पाणी चार-वीसला येतं
आणि पाच वाजता जातं.
तो तास नळाचा आहे मॅडम,
मी नुसती त्याच्यापाशी उभी असते
एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून.

एका वेळी एकच काम करा.
मी हसले नाही, खरंच विचार केला.
आधी भात. त्याच्याकडे बघत बसायचं.
तो झाला की पियूषचा शर्ट.
तो वाळला की डबा.
असं करत गेले तर सोमवारची पाळी
बुधवारी गाठेन.

नाही म्हणायला शिका.
हे मात्र लिहून घेतलं,
फुकट मिळालेल्या पिवळ्या चिकट कागदावर.
कोणाला म्हणायचं, त्यासाठी
खाली जागा सोडली.

आणि शेवटी :
वर्षभर जे वापरलं नाही ते घरातून काढा.

त्या रात्री मी माळा उतरवला.
कुकरची जुनी रिंग – नवी फाटली तर एक दिवस निघेल.
मिक्सरचं भांडं, पातं नसलेलं;
समोरच्या हसीनाकडे पातं आहे, भांडं नाही.
वायरींचा गुंता. त्यातली एक कधीतरी लागते,
कुठली, ते लागल्यावरच कळतं.
पिशव्यांची पिशवी.
आणि सगळ्यांत मागे, तेलाच्या डब्यात,
यांचे लोखंडी टोकाचे बूट,
वागळे इस्टेटमधले.
ती कंपनी बंद पडून नऊ वर्षं झाली.
हे आता रिक्षा चालवतात, चपला घालून.

माळ्यावर सगळ्यावर बोटभर धूळ.
बुटांवर नाही.
नाड्यासुद्धा नव्या.

मी डबा होता तसा ठेवला,
झाकण नीट बसवून.
खाली हे झोपलेले,
किंवा तसे पडलेले.

केतकी मॅडमचं एक सांगायचं राहिलं.
कार्यक्रम संपल्यावर पँट्रीत
त्या उभ्यानं केळं खात होत्या,
खांदा आणि कान यांच्यात फोन,
दुसऱ्या हातानं प्रोजेक्टरची वायर गुंडाळत.
चारला महापे, मग ऐरोली, म्हणत होत्या कोणाला तरी.
सकाळपासून हे तिसरं.
मी खुर्ची सरकवली, द्रौपदानं चहा ओतला.
बसा की दोन मिनिटं.
नाही हो, उशीर होईल.
पोर जेमतेम माझ्या भाचीएवढी.
नाही म्हणायला तिला येत होतं,
पण फक्त चहाला.

पुढच्या शनिवारी सुपरवायझर आले, वही घेऊन.
गेल्या वेळचे कार्यक्रमाचे दोन तास बुडाले,
ते उद्या रविवारी भरून द्यायचे.
सगळ्या जणी खोक्यांकडे बघायला लागलो.
टेप फाटल्याचा तेवढा आवाज.

मग द्रौपदा म्हणाली, नाही जमणार.
इतकं हळू की तिला
दोनदा म्हणावं लागलं.
दुसऱ्यांदा माझंही तोंड उघडं होतं.
त्यातून आवाज निघाला की नाही
ते मला अजून सांगता येत नाही,
पण साहेबांनी दोन नावांपुढे खूण केली.

घरी आले. म्हटलं, त्या पिवळ्या कागदावर
सोडलेल्या जागेत आता लिहावं काहीतरी.
कपाटाच्या दारावर तो होता तिथंच होता.
जागा भरलेली.
पियूषच्या अक्षरात :
गॅसचा नंबर लावला. मंगळवारी येईल.
घरी कोणीतरी थांबा.