घोट्याची दोरी

लिरा कोसळला त्या रात्री
तांदूळ धुवायचे राहिले होते.
चार लाख येन, साडेतीन मिनिटं.
मी फोन पालथा ठेवला,
जणू त्याने माझ्याकडे बघू नये.

पहाटे इचिनोमियाच्या किनाऱ्यावर
इसाकू सर्फिंगच्या फळ्या घासत बसलेले.
"फुमिए, आधी पडायला शीक," म्हणाले.
"डोकं हातांत धर.
वर यायची घाई नको, पाणीच सोडतं."
किती वेळाने? मी विचारलं.
ते पॉलिश पेपर बदलत राहिले.

मार्चचं पाणी. वेटसूटच्या मानेतून
बर्फाची सुई पाठीत उतरली.
पहिली लाट जाऊ दिली. दुसरीही.
तिसरी माझीच होती,
हिरवी, रुंद, लिरासारखी खात्रीची.
हात मारत सुटले.
फळीचं नाक रुतलं,
मग वाळू, मग खारट काळोख,
वर कुठे नि खाली कुठे.
घोट्याला बांधलेली दोरी तेवढी
माझ्या बाजूची.

त्या रात्रीच्या सौद्याला
दोरीच नव्हती.

आता स्टॉप-लॉस आधी लावते, चहा नंतर.
नफा? विचारू नका.
चिरलेली फळी इसाकूंनी सांधून दिली,
चट्टा मात्र दिसतो,
तो लपवायचे पैसे वेगळे, म्हणाले.

सोमवारी सातला बाजार उघडतो.
तेव्हा मी बहुधा
लाटांच्या पलीकडे, पाय पाण्यात सोडून
नुसती बसलेली असते.
इसाकू किनाऱ्यावरून हात हलवतात.
ये म्हणतात, की थांब,
इतक्या लांबून
अजून ओळखता येत नाही.