जोडाक्षर

तारामुंबरीच्या जेटीकडे उतरताना डावीकडची भिंत माझी.
म्हणजे भिंत मच्छीमार सोसायटीची,
नांगर माझा.
सहा फुटी, निळा, साखळीच्या कड्या मोजून चौदा,
खाली 'विश्राम केळुसकर यांनाच'.
होड्यांवर नावं घालणारा माणूस मी,
नांगर कसा दिसतो ते मला कुणी शिकवायला नको.

मंगळवारी लिलावाच्या वेळी
कुणाच्या तरी मोबाईलवर तो दिसला.
गळ्यात भलत्याच रंगाचं उपरणं,
हसताना तेच वरचे दात.
सुरमईचा भाव पुकारता पुकारता शेवंती पराडकर थांबली.
"आमची मतां घेवन ह्यो खय गेलो?"
कुणी काही बोललं नाही. बर्फ वितळत राहिला.
तोही मालवणहून आणलेला,
इथल्या बर्फ कारखान्याची नुसती कोनशिला आहे.
तिची अक्षरंही माझीच.

संध्याकाळी पोरं आली,
ब्रश मागितला, लाल ऑइलपेंटचा डबा मागितला.
दिला. पैसे नको म्हटलं.
रात्री अकराला बघायला गेलो
तर त्याच्या कंपाउंडवर हातभर उंचीचं: गदार.
पोरं पळालेली, ब्रश गडग्याखाली टाकून.

आता शिवी द्यायची तर धड तरी द्या.
मला राहवलं नाही.
द च्या पोटाखाली दुसरा द बसवला,
शेपूट जराशी डावीकडे ओढून,
तीस वर्षं ओढतोय तशी.

तिसऱ्या दिवशी त्या वाटेनं गेलो.
मुलगा, सून, नातवंडं कुठल्याशा हॉटेलात;
घरात म्हातारी एकटी.
आमच्या केळुसकर बाई.
दुसरीत माझा हात धरून
हद्द, मुद्दा, जिद्द
गिरवून घेतलेल्या.
दुधवाला दारात थांबत नव्हता.
मासेवाल्या हाक न घालता पुढे जात होत्या.
बाई ओल्या फडक्यानं भिंत पुसत होत्या.

ऑइलपेंट पाण्यानं जात नाही,
एवढंच सांगायला उभा राहिलो.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अक्षराकडे.
"द बरो काढलंस," म्हणाल्या.
"बाकीची अक्षरां कोणाची?"

टर्पेंटाइन आणायला घरी निघालो.
वाटेत नांगरावर कुणीतरी शेण मारलेलं,
कड्या नऊच दिसत होत्या.
खिशात फोन वाजत होता, त्याच्या पीएचा:
तीच भिंत, नवीन निशाणी, दुप्पट दर.
उचलला नाही.
अजून तरी.