दुसरा डाग

बाहेर उणे एकतीस. सातव्या मजल्याच्या काचेवर
उलानबातरच्या कोळशाचा मऊ थर,
आणि ओयुनबिलेग चौथ्यांदा तीच लिंक दाबते आहे.
लिंक जाते ब्राउझरकडे. तिथलं पान म्हणतं, ॲपमध्ये पाहा.
ॲप उघडतं आणि म्हणतं, स्वागत असो.
खाली तीन चौकोन: घोडे, उंट, शेळ्यामेंढ्या.
सरकारी कचेरीसारखं, या टेबलावरून त्या टेबलावर.

स्वागत कुणाला हवंय?
दांबीन्याम म्हाताऱ्याला हवाय त्याचा तांबडा,
अकरा दिवसांपूर्वी हिमवादळात
वाऱ्याला पाठ देऊन चालत निघालेला.
संदेश गेला: वर्णनाशी जुळणारा एक सापडलाय, इथे दाबा.
त्यानं दाबलं. दुपारी उलट कळवलं:
दार उघडलं, बाई. आत घोडा नाही.

माळावर पाहुणा लांबूनच हाक देतो, कुत्रं आवरा!
मग कुणी बाहेर येतं, कुत्र्याची मानगूट धरतं,
चहा होतो, तब्येती विचारून होतात, हवेचं बोलणं होतं.
पण जनावराच्या मागावर आलेल्याला
कुणी चहाला बसवत नाही.
हात धरून नेतात खुंट्यापाशी: बघ, तुझाच का?
लिंकला एवढंच तर सांगितलं होतं.

ती वाट तपासते.
जनावर, तिरपी रेघ, चार शून्य सात दोन. बरोबर.
स्वल्पविराम मोजते. महिरपी कंस मोजते. बरोबर.
साइटच्या पोटात, ठरलेल्या नावाच्या फोल्डरात
ती फाईल आहे, जिथे साइट शपथेवर सांगते,
हे ॲप माझं, याच्या अंगावर ही खूण:
बत्तीस जोड्या, अक्षरांच्या नि आकड्यांच्या.
साडेदहाला ती फाईल मोठ्यानं वाचू लागते
आणि समोर एर्खेम्बायर, थंड झालेला डंपलिंग गालात धरून,
स्टोअरवरच्या ॲपची खूण वाचतो.

पहिल्याच जोडीला दोघं अडखळतात.

अरे.
फाईलमधला डाग तिच्या स्वतःच्या मशीनवरचा.
पण स्टोअरनं ॲप आपल्या कुंपणात घेतलं
तेव्हा आपल्या सळईनं पुन्हा डागलं होतं.
तेही रीतसर, तिनंच 'मान्य' दाबल्यावर,
मार्चमधल्या कुठल्याशा घाईत.
म्हाताऱ्याचा फोन दर वेळी डाग पडताळत होता,
जुळत नाही म्हणून मुकाट्यानं वाट वळवत होता.
त्याचं काय चुकलं? ती असती तर तिनंही वळवली असती.

जुना डाग ती पुसत नाही.
विकत आणलेल्या घोड्याची आधीची खूण कोण खरवडतं?
शेजारी दुसरी देतात.
एक नवी ओळ, बत्तीस जोड्या, फाईल वर चढवली.
आणि निरोप: ॲप काढून पुन्हा घाला.

सुनेनं काढलं, सुनेनं घातलं.
अकरा वाजून नऊ मिनिटांनी म्हाताऱ्याचा आवाज येतो,
मागे स्टोव्हचा कडकडाट:
आता थेट समोर आला. देखणा आहे.
पण माझा नाही.
मांडीवर चंद्रकोर, खाली मासा.
हा खिंडीपलीकडच्या त्सेरेनल्हामचा. तिला धाडलीय.

त्सेरेनल्हामकडे ॲपच नाही.
ओयुनबिलेग खुर्ची पुढे ओढते.
नोंदवहीत ओळी उमटतात, एकेक, दम खात:
लिंक आली. स्टोअरकडे वळली. एकेचाळीस एमबी.
नेटवर्कची एकच काडी, तीही वाऱ्यावर.
सहा मिनिटं काही नाही.
एर्खेम्बायर म्हणतो, विसरलं असणार.
ॲप पहिल्यांदाच उघडतंय, त्याला काय ठाऊक
बाई कुठे निघाली होती?

अकरा बावन्न. पहिली सुरुवात.
चार शून्य सात दोन. उघडलं.

ती काही बोलत नाही. उरलेला डंपलिंग खाते.
मग स्वतःच्या फोनवर हातानं टाइप करते
जनावर, तिरपी रेघ, चार शून्य एक नऊ,
आणि फोन तिला नेतो, मध्ये कुठेही न थांबवता:
दांबीन्याम. तांबडा, सात वर्षांचा, डाव्या कानाला खाच.
फोटोच्या जागी
करडी, रिकामी चौकट.