पाणफाटा, मैल सात

कागदावर त्याचं नाव मोठं आहे,
डावी वितरिका, उजवी वितरिका, साखळी क्रमांक अमुक.
गावात नुसता पाणफाटा.
नहर इथं थांबत नाही,
पण विचारात पडतो.

आधी इथं साधा पाट होता,
मामा तलावाच्या तुडुमातून निघालेला,
कोहळ्यांनी डोळ्यानं उतार बघून काढलेला.
मग साहेबाची दुर्बीण आली,
कुणी तरी दगडात फुटांच्या खुणा कोरून गेलं,
आणि पाट सरळ झाला. मोहाची सतरा झाडं
वाटेत होती. ती गेली, मोजणारेही गेले,
सतरा तेवढे राहिले.

झिंगर वलथरे इथून डोंगा न्यायचा.
नहरात डोंगा घालू नये, असा पत्रा
त्याच्या जन्माआधीपासून उभा.
त्याला वाचता येत नव्हतं, तेवढं पुरायचं.
धानाची पोती, कवेलू, एकदा एक आजारी बोकड.
रात्री फाटा कसा कळतो, विचारलं तर म्हणे,
"डावं पाणी पोकळ बोलते, बाबू.
उजवं दात खात जाते.
मधात दगड हाय, तो गप रायते.
गप आयकू आलं का बांबू टेकवाचा."

माझा बाप फाट्याचा चौकीदार.
दोन चाकं, एक कंदील, एक रजिस्टर.
सोमवार ते गुरुवार डावं दार,
उरलेले दिवस उजवं.
देवाचे वार त्याला यावरूनच आठवत.

त्या पौषात भिवाटोल्याला शंकरपट होता,
रात्री नाटक. रपटा वाहून गेलेला,
म्हणून मंडळी झिंगरच्या डोंग्यातून आली,
पडदे, पेटी, दोन तलवारी
आणि आतापासूनच मिशा लावून बसलेला राजा.
वार मंगळवार. भिवाटोला उजवीकडे.
उजवं दार बंद.

कोण काय बोललं, बापानं कधी सांगितलं नाही.
बावीस फेरे लागतात दार पुरतं वर यायला,
ते तो एकटा फिरला. गंजलेलं चाक
माणसासारखं ओरडलं म्हणे.
दाराखालून जाताना डोंग्यात सगळे आडवे झाले,
राजासुद्धा, तलवार पोटावर घेऊन.
पेटी आडवी होईना.
ती बापानं खांद्यावर घेतली
आणि दारावरच्या फळीवरून पलीकडे नेली,
खाली पाणी, हातात कंदील नाही.
चालताना भात्यात वारा शिरला
आणि एक सूर आपोआप निघाला.
हे मात्र तो दरवर्षी सांगायचा.

तोवर उजवीकडे पाणी सुटलेलं.
पुसारामजी कापगत्यांची लाखोळी
कमरेइतकी बुडाली.
ते नाटकात पहिल्या ओळीत होते.
सकाळी तक्रार लिहायला आले
आणि पेन बापाकडंच मागितला.

रजिस्टर मी पाहिलं आहे. आता तेच काम माझ्याकडं.
त्या तारखेला शेऱ्याच्या रकान्यात
बापाचं तिरकं अक्षर:
"उजव्या दारात गवत अडकले होते. काढले."
खाली साहेबाची सही. त्याखाली, वेगळ्या शाईत,
कुणाचं ते कळत नाही,
"नाटक बरे झाले."

आता दारांना मोटर आहे. बटण दाबलं की
दार न कुरकुरता उठतं.
नहराला सिमेंट केलं गेल्या वर्षी,
रात्री कान लावला तर
दोन्हीकडचं पाणी एकाच आवाजात जातं.
फुटांचा दगड काढायचं राहून गेलं.
ठेकेदाराला मी आठवण केली नाही.

झिंगरचा डोंगा त्याच्या नातवाच्या अंगणात आहे,
नाक जरा झिजलेलं.
त्यात म्हशींना कुटार टाकतात.
परवा गेलो तेव्हा एक वगारू
आत चारही पाय घालून उभं होतं,
आणि सून काठी घेऊन ओरडत होती,
"उतर रे, उतर. कुठं जाऊन रायला?"